वाटी कोण ढकलतंय? प्लँचेटवर लघुपट करणाऱ्या पोरांसाठी

दिवाळीची सुट्टी जवळ आली की माझ्याकडे भुताच्या स्क्रिप्ट यायला लागतात. मी सिनेमात साउंडचं काम करते आणि सुट्टीत कोल्हापुरात कॉलेजच्या मुलांकडून लघुपट करून घेते. "ताई, यंदा हॉररच करायचा" हे वाक्य आता मीच त्यांच्या आधी म्हणते. स्क्रिप्ट बहुतेक वेळा एकच असते. पाच मित्र, गावाबाहेरचा बंगला, अमावस्या, प्लँचेट, म्हणजे अक्षरांच्या बोर्डावर पालथ्या वाटीवर बोटं ठेवून आत्म्याला प्रश्न विचारायचे. लाइट जाते, एकेक करून सगळे मरतात आणि शेवटी कळतं की पाचवा मित्र आधीच मेलेला होता.

मी एवढंच विचारते, वाटी कोण ढकलतंय?

"आत्मा ढकलतोय ना, ताई."

असं उत्तर आलं की स्क्रिप्ट परत. आत्म्यानं ढकलली की नाही, हे प्रेक्षकाला शेवटी कळलं तरी चालेल, नाही कळलं तरी चालेल. पण टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ती वाटी कुठं जायला हवीय, हे लिहिणाऱ्याला माहीत नसेल तर सीनमध्ये भीती येत नाही, नुसता गोंगाट येतो. खाली जे काही सांगतेय ते सगळं या एका प्रश्नाच्या आजूबाजूचं आहे. त्यात थोडं लेखन आहे, थोडी सुतारकी आहे आणि माझ्या सवयीनं आवाजाबद्दल जरा जास्तच आहे.

आधी एक सिनेमा

अठरा पूर्ण असतील तर 'टॉक टू मी' बघा. नसतील तर मी सांगते तेवढ्यावर काम भागेल. त्यातली मारहाण बघवत नाही आणि तुम्हाला ती शिकायचीही नाहीये.

डॅनी आणि मायकल फिलिपू हे जुळे भाऊ ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचे. यूट्यूबवर 'रॅकारॅका' नावाच्या चॅनलवर स्टंट आणि मारामाऱ्यांचे व्हिडिओ टाकायचे. 'द बाबाडूक' हा हॉररपट त्यांच्याच शहरात शूट झाला, तेव्हा त्या युनिटमध्ये त्यांनी काम केलं होतं. 'टॉक टू मी' हा त्यांचा पहिला मोठा सिनेमा. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो अ‍ॅडलेडच्या महोत्सवात दाखवला गेला, जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाला गेला आणि ए-ट्वेंटीफोर कंपनीनं उचलला. सुमारे ४५ लाख डॉलरमध्ये केलेल्या या सिनेमानं जगभरात ९ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला.

गोष्ट साधी आहे. पोरांच्या हाती औषधं भरून टिकवलेला एक माणसाचा हात लागलाय, वरून चिनीमातीचा लेप दिलेला. मेणबत्ती लावायची, तो हात धरायचा आणि 'माझ्याशी बोल' म्हणायचं. समोर मेलेलं माणूस दिसतं. मग 'तुला आत येऊ देते' म्हटलं की ते अंगात येतं. नव्वद सेकंदांच्या आत हात सोडवायचा आणि मेणबत्ती विझवायची. बस, एवढेच नियम.

आता बघायचं काय? तर पोरांना मजा किती येते ते बघा. ज्याची पाळी असेल त्याला खुर्चीला पट्ट्यानं बांधतात, बाकीचे मोबाइल काढून शूट करतात, हसून लोळतात आणि "आता मी, आता मी" म्हणून भांडतात. डॅनीनं मुलाखतींत सांगितलंय की त्यांच्या शेजारची काही पोरं नशेचे पहिले प्रयोग करत होती. त्यातल्या एकाला त्रास होऊन तो जमिनीवर तडफडत होता आणि मित्र हसत त्याचा व्हिडिओ काढत होते. सिनेमाचं बी तिथं आहे. बघणाऱ्यालाही एकदा तो हात धरून बघावासा वाटतो, आणि तसं वाटलं की तो अडकला.

एक वळण फोडते, इलाज नाही. नायिका मिया, तिची आई जाऊन दोन वर्षं झालीत. मैत्रिणीचा धाकटा भाऊ रायली हात धरतो आणि त्याच्या तोंडून मियाची आई बोलायला लागते. ठरलेली वेळ संपते, सगळे ओरडतायत, पण मियाला अजून एक वाक्य ऐकायचंय म्हणून ती सोडू देत नाही. पुढं जे होतं ते भयंकर आहे, पण माझ्या लेखी सगळा सिनेमा त्या काही सेकंदांत आहे. तिथं वाटी नाही, हात आहे. आणि ढकलतेय मिया.

वाटी खरंच का सरकते

हे माहीत नसेल तर ॲक्टरला काय सांगणार?

१८५३ मध्ये लंडनमध्ये टेबलं फिरवायचं वेड होतं. चारचौघं टेबलावर हात ठेवून बसायचे आणि टेबल फिरायला लागायचं. मायकल फॅरडेनं (हो, तोच विजेचा) हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्यांची चळत ठेवली. पुठ्ठे एकमेकांना मऊ चिकट गोळ्यांनी हलकेच धरलेले, म्हणजे सरकले तर कळावं. टेबल फिरल्यावर बघितलं तर वरचा पुठ्ठा खालच्यापेक्षा जास्त पुढं गेलेला. टेबल हातांना ओढत असतं तर उलट दिसलं असतं. म्हणजे हातच टेबलाला ढकलत होते. मग त्यानं हातांची हालचाल दाखवणारा एक काटा बसवला. बसलेल्यांना तो काटा दिसायला लागल्याबरोबर टेबलं हलायची थांबली.

यातली कुणीच लबाड माणसं नव्हती. मनात एखादी गोष्ट घोळत असली की स्नायू आपल्याला न विचारता तिच्या दिशेनं किंचित हलतात. विल्यम कार्पेंटर नावाच्या डॉक्टरनं फॅरडेच्या आदल्या वर्षी, १८५२ मध्ये, या प्रकाराला आयडिओमोटर असं नाव दिलं होतं. चार जणांची बोटं एका वाटीवर असली की प्रत्येकाला वाटतं, मी नाही, दुसरा ढकलतोय. आणि प्रत्येक जण खरं बोलत असतो.

आणखी एक प्रयोग आहे तो रिहर्सलला करूनच बघा. सगळ्यांचे डोळे बांधा आणि अक्षरांचा बोर्ड आवाज न करता अर्धा फिरवा. वाटी जाते तिथंच, जिथं ती अक्षरं आधी होती. आत्म्याला बोर्ड दिसत असता तर असं झालं नसतं. हा प्रयोग थेट स्क्रिप्टमध्येही घालता येतो. सायन्सवाला एक मित्र मध्येच ही परीक्षा घेतो, भलतीच अक्षरं येतात, सगळे हसतात, प्रेक्षक पण सैलावतो. त्यानंतरचं पान तुमचं.

गोष्ट अशी बांधा

अमावस्या सोडून द्या. रात्री बारा वाजता पोरं घराबाहेर एकत्र असायला घरचे कधी परवानगी देतात? कोजागिरीला. सोसायटीच्या गच्चीवर पोरं, खाली पार्किंगमध्ये मोठी माणसं, मोठ्या पातेल्यात दूध आटतंय, स्पीकरवर हाउजी चाललीय. गच्चीवर येऊन कुणी "काय चाललंय" म्हणून विचारणार नाही. वर कॅरम बोर्ड आहे. पोरांना आणखी काय पाहिजे!

समजा मुलगी सई, सतरा वर्षांची. तिची आई गेल्या वर्षी गेली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. काका हात जोडून म्हणाले, पोरीचं शिक्षण आम्ही बघतो, तरी कावळा फांदीवरच. मामा म्हणाला, तिच्या बांगड्या तिलाच देऊ, तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले. त्याबद्दल घरात पुन्हा कुणी शब्द काढला नाही. सई ते बघत होती.

आता सईला एकच विचारायचंय. आईचं काय राहिलं होतं?

हे आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. घाटावरचा एकही शॉट घेऊ नका. सईनं एका वाक्यात मैत्रिणीला सांगावं आणि मैत्रिणीनं "अगं, कावळे शहरात राहिलेत कुठं" म्हणून विषय बदलावा. पुरे.

आता वाटीच्या तीन फेऱ्या.

पहिली फेरी ओंकारची. तोच बोर्ड मांडतो, तोच ढकलतो. बारावीत किती टक्के, कोण कुणावर मरतं, असले प्रश्न. ही फेरी खरोखर विनोदी लिहा. पोरं इथं कंजुषी करतात आणि पहिल्या मिनिटापासून भुताचं संगीत सुरू करतात. प्रेक्षक त्या पोरांसोबत हसला नाही, तर पुढं त्यांच्यासाठी घाबरणार कसा?

दुसरी फेरी मुक्ताची. मुक्ता सईची जिवलग. सईनं प्रश्न विचारला, वाटी जागची हलेना आणि सईचा चेहरा पडला. तो मुक्ताला बघवत नाही. म्हणून ती ढकलते, प्रेमापोटी. वाटी 'ए'वर जाते, मग 'आय'वर. आपल्याकडे बोर्डावर इंग्रजी अक्षरंच लिहितात, कारण बाराखडी मांडायला कॅरम पुरत नाही. ओंकार ओरडतो, "एआय आलंय रे, फिजिक्सचा पेपर विचारा!" सगळे फुटतात. सई हसत नाही. तिनं ते 'आई' असं वाचलंय.

तिसऱ्या फेरीत मुक्ता घाबरून बोट काढून घेते, कारण तिनं ठरवलेलं उत्तर देऊन झालंय. वाटी पुढं सरकते.

आता कोण ढकलतंय? सई स्वतःच असेल. ओंकार असेल, त्याला गंमत वाटतेय. किंवा कुणीच नसेल. तिन्हींपैकी काय ते तुम्ही ठरवा आणि युनिटमध्ये फक्त कॅमेरामनला सांगा. प्रेक्षकाला सांगायला मांत्रिक आणू नका. मांत्रिक आला की तो सगळं समजावून सांगतो आणि सिनेमा तिथंच बसतो.

नियम

दोनच ठेवा, फार तर तीन. ऐकून नाही, बघून कळतील असे. माझी सूचना अशी. वाटी पालथी आहे तोवर दार उघडं. निरोप देऊन झाला की वाटी सुलटी करायची. तोवर ती बोर्डावरून उचलायची नाही. हे ओंकारनं पोरांना घाईघाईत, चेष्टेत सांगावं. गंभीर आवाजात सांगितलेला नियम मोडणार हे प्रेक्षकाला लगेच कळतं.

घड्याळही फुकट मिळतं. बाराला चंद्राला नैवेद्य, खालून हाक येणारच.

नियम मोडायचा कुणी, यावर पोरं नेहमी तोच आगाऊ मुलगा आणतात. त्यापेक्षा हे बघा. हाक येते, पोरं घाबरून जिन्यावर पळतात. काकू वर येतात, पेले कमी पडलेत म्हणून बोर्डावरची वाटी उचलतात, गच्चीतल्या नळाखाली विसळतात आणि खाली नेऊन त्यात दूध ओततात. नियम मोडला गेला आणि मोडणारीला त्यातलं काहीच माहीत नाही. आता ती वाटी ट्रेमध्ये आहे आणि ट्रे माणसांत फिरतोय. यावर तुम्हाला दोन मिनिटं भुताशिवाय काढता येतील. ट्रेवरून कोण काय उचलतंय एवढंच दाखवत राहायचं.

कॅरम, वाटी, पावडर

बाजारात मिळणारा विजा (Ouija) बोर्ड, म्हणजे प्लँचेटचा तयार छापील बोर्ड, फ्रेममध्ये घेऊ नका. १८९१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या इलायजा बाँडच्या नावानं त्याचं पेटंट निघालं, १९६६ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळणी कंपनीनं तो धंदा विकत घेतला आणि आज ते नाव हॅस्ब्रोचा ट्रेडमार्क आहे. सिनेमा पुढं कुठं विकायची वेळ आली तर कटकट. शिवाय आपल्या गच्चीवर तो परकाच दिसतो. कॅरमवर खडूनं कडेला अक्षरं, मध्ये 'हो' आणि 'नाही'. अक्षरं ज्याच्या हातची वळणदार आहेत त्याच्याकडून लिहून घेऊ नका. ओंकारच लिहितोय असं दिसलं पाहिजे.

कॅरमचा खरा फायदा पावडर. बोरिक पावडर टाकली की वाटी नुसत्या फुंकरीनंही सरकेल इतकी हलकी होते आणि तिचा माग राहतो. वरून सरळ खाली बघणारा शॉट घ्या. कुठल्या फेरीत वाटी कुठं गेली ते पांढऱ्यावर काढलेलं असतं. पोरं पळून गेल्यावर रिकामा बोर्ड दाखवायचा आणि ज्या कोपऱ्यात वाटी गेलीच नव्हती तिथपर्यंत माग दाखवायचा. एक पैसा खर्च नाही. फक्त पावडर तोंडात-डोळ्यांत जाऊ देऊ नका, शॉट झाला की हात धुवा आणि दूध त्या हातांनी पिऊ नका.

वाटी चटणीची घ्या, चार बोटं जेमतेम मावतील एवढी. बोटं एकमेकांना लागली की चेहरे आपोआप बदलतात. कुणाचंच बोट नसताना वाटी सरकवायची असेल तर खालून लोहचुंबक फिरवायचं. इथं एक गोची होते. स्वयंपाकघरातलं चांगलं स्टील लोहचुंबकाला धरत नाही. वाटीच्या तोंडाच्या मापाचा पुठ्ठा कापून त्याला लोखंडी वॉशर चिकटवा आणि तो पुठ्ठा आतून तोंडाशीच बसवा, म्हणजे वॉशर बोर्डाच्या अगदी जवळ येतो. कॅरम पातळ प्लायचा आणि चुंबक निओडिमियमचं हवं. बोर्ड चार स्टुलांवर टेकवा आणि खाली एक धीराचा पोरगा झोपवा. हे नाही जमलं तर बारीक तंगूस बांधा आणि तो दिसणार नाही अशा कोनातून लाइट टाका.

पण हे एका-दोन शॉटपुरतं. बाकी सगळं बोटांवर सोडा. पावडर भरपूर असली तर वाटी सरकतेच, आणि ॲक्टरच्या चेहऱ्यावर "मी नाही हं" असं जे उमटतं ते तुम्ही दहा रिहर्सल करून आणू शकणार नाही.

बोटं आणि पोरं

आता माझं सगळ्यात आवडतं. बोट दाबलं की नखाखालची लाली जाते आणि नख पांढरं पडतं. चार बोटांचा जवळून शॉट घ्या. ज्याचं नख पांढरं, तो ढकलतोय. पहिल्या फेरीत ओंकारचं नख पांढरं दिसू द्या, दुसऱ्यात मुक्ताचं. कुणी काही बोलायचं नाही. बारीक नजरेचा प्रेक्षक ते पकडतो आणि तिसऱ्या फेरीत तो आपोआप नखं शोधायला लागतो. तिसऱ्या फेरीत मुक्ताचं बोट नाही, राहिलेली तिन्ही नखं गुलाबी ठेवा. नेलपॉलिश लावलेली मुलगी असेल तर सेटवर यायच्या आधी पुसून टाकायला सांगा.

मुलं निवडताना एक गोष्ट एकांतात विचारा. घरात गेल्या वर्ष-दोन वर्षांत कुणी गेलंय का? गेलं असेल तर त्या मुलीला सई देऊ नका, ती कितीही मागे लागली तरी. "खरं दुःख येईल" असं म्हणणारा दिग्दर्शक मला सेटवर नको असतो. रिहर्सलमध्ये कुणी खरंच घाबरलं तर लगेच दिवे लावायचे, वाटी सुलटी करायची आणि नखांचा व्हिडिओ दाखवून ढकलत कोण होतं ते दाखवून द्यायचं. हसत नाही, नीट.

धाकटा भाऊ-बहीण लिहिलेत आणि चौदाच्या आतलं मूल घेतलंत तर कायदा आहे. बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या नियमांप्रमाणे निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. आणि माझं म्हणणं, आई-वडिलांपैकी एक जण सेटवर हवाच. तुमची गोष्ट रात्रीची आहे म्हणून मुलाला रात्री जागवायचं असं नाही. त्याचे जवळचे शॉट संध्याकाळी काळा पडदा बांधून घ्या.

गच्चीचा कठडा कमरेच्या वर नसेल तर गच्ची बदला. हे भुतापेक्षा महत्त्वाचं आहे.

अंधार दिसला पाहिजे

चांदणं डोळ्याला पुरतं, कॅमेऱ्याला नाही. उंचावर एक एलईडी लाइट बांधा, त्यापुढं पांढरी चादर ताणा, रंग किंचित निळसर ठेवा, हा झाला तुमचा चंद्र. एका बाजूनंच येऊ द्या. दुसऱ्या बाजूला चेहरा अंधारात गेला तर घाबरू नका, तेच पाहिजे. बोर्डाजवळ पिवळा उजेड. गच्चीवर वारा असतो, उघडी मेणबत्ती एक मिनिट टिकत नाही, त्यामुळे कंदील घ्या. ओढण्या, मोकळे केस आणि नायलॉनचे कुर्ते यांच्यापासून तो लांब ठेवा आणि वाळूची बादली जवळ असू द्या.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची. शटरचा वेग एक भागिले पन्नास सेकंदावर ठेवा, नाहीतर स्वस्त माळा आणि बल्ब पडद्यावर लुकलुकतात. मोबाइलवर शूट करत असाल तर मॅन्युअल ॲप वापरा आणि एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, लॉक करा. तसं केलं नाही तर अंधारात मोबाइल स्वतःच्या अकलेनं चित्र उजळवतो आणि तुमचं भूत लग्नाच्या व्हिडिओतल्या करवलीसारखं लख्ख दिसतं.

अंगात आलेलं दाखवायला पूर्ण काळ्या लेन्स मागवणारे दरवर्षी निघतात. ऑनलाइन मागवलेल्या लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरांना न दाखवता कुणाच्याही डोळ्यांत घालायच्या नाहीत, विषय संपला. चेहरा खाली झुकवा, लाइट डोक्याच्या मागं न्या, डोळ्यांच्या खोबणी आपोआप काळ्या पडतात. रक्त लागलंच तर लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. कोको नसेल तर ते सरबत दिसतं.

आवाज

इथं मी जरा बसते.

इंटरनेटवरून उतरवलेली किंकाळी आणि करकरणारं व्हायोलिन वापरू नका. ते सगळ्यांनी ऐकलेलं आहे. तुमच्याकडं गच्ची आहे, गच्चीचा आवाज जमा करा. शूटिंगच्या आधी एकदा रात्री जा आणि सगळ्यांना गप्प करून दोन मिनिटं नुसता परिसर रेकॉर्ड करा. टाकीत पाणी पडतंय, पंपाची मोटर, लांबची कुत्री, रस्त्यावरची एखादी बुलेट, आणि खालून स्पीकरवर हाउजीचा आवाज: "दोन बदकं, बावीस... एकटा सात..." हाउजीवाला काका वेगळा रेकॉर्ड करा, भरपूर नंबर बोलवून घ्या. सगळ्या लघुपटाचा तो कणा आहे. पोरं वर काहीही करोत, खाली नंबर चालूच.

मग भीती आणायची असेल तेव्हा आवाज घालू नका, काढा. दुसऱ्या फेरीपासून एकेक काढत जायचं. आधी कुत्री, कुणाच्या लक्षात येत नाही. मग पंप. मग वारा. हाउजी राहते. तिसऱ्या फेरीत वाटी सरकते, काका "पाच आणि..." म्हणतो, आणि पुढचा आकडा येत नाही. तिथं संपूर्ण शांतता नको, ती फाइल बिघडल्यासारखी वाटते. वाटीचं घासणं तेवढं ठेवा, अगदी जवळून.

ते घासणं वेगळं मिळवावं लागतं. कॅरमच्या खालच्या अंगाला कॉन्टॅक्ट माइक, म्हणजे हवेतला नाही तर वस्तूतला आवाज पकडणारा माइक, चिकटवा. नसेल तर जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून टेपनं बोर्डाला खालून घट्ट बसवा, लाकडातून आलेला आवाज पोटात शिरतो. पावडरवर, बिनपावडरचं, ओल्या बोर्डावर, कडप्प्यावर, काचेवर, सगळं रेकॉर्ड करा. पहिल्या फेरीला पावडरवरचा मऊ आवाज, तिसऱ्या फेरीला कडप्प्यावरचा. चित्रात बोर्ड तोच, पण वाटी जड झाल्यासारखी वाटते. का ते प्रेक्षकाला सांगता येत नाही.

संवादासाठी माइकवर केसाळ टोपी घाला, नुसत्या फोमनं गच्चीवरचा वारा थांबत नाही. कपड्यात लावलेला छोटा माइक ओढणीला घासतो, म्हणून आधी ओढणी पिनेनं पक्की करा. इन्व्हर्टर असलेल्या बिल्डिंगमध्ये लाइट गेल्यावर जो बारीक बीप येतो तो बंद करून घ्या किंवा सरळ गोष्टीत वापरा.

पोटात गोळा आणणारा खोल घुमारा घालायची हौस असते. घाला, पण लक्षात ठेवा, तुमचा लघुपट निम्मे लोक मोबाइलवर बघणार आणि मोबाइलच्या स्पीकरला १०० हर्ट्‌झच्या खालचं जवळजवळ काही वाजवता येत नाही. हेडफोनवर छाती दडपणारा घुमारा तिथं शून्य होतो. वाटीचं घासणं मात्र मोबाइलवर अजून धारदार ऐकू येतं.

एडिटला बसल्यावर

बारा मिनिटांच्या वर जाऊ नका. पहिली फेरी आणि सईचं ते एक वाक्य यांना हात लावू नका, कापायचं असेल तर तिसऱ्या फेरीनंतरचं कापा. पहिला कट झाला की गोष्ट माहीत नसलेल्या चार जणांना दाखवा आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघा, पडद्याकडं नाही. ओंकारच्या एआयच्या विनोदावर हसले नाहीत तर तो सीन परत एडिट करा, पुढचं काही बघूच नका. बघून झाल्यावर "घाबरलात का" विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात. मुक्ताचा राग आला की कीव आली ते विचारा. दोन्ही उत्तरं आली तर मिक्सिंगला या.

येताना संवाद, इफेक्ट आणि संगीत वेगवेगळ्या ट्रॅकवर काढून आणा, एकत्र केलेली फाइल आणली तर मी परत पाठवते. नावं नीट द्या, 'फायनल फायनल दोन' असली फाइल मला चालत नाही. आणि सगळं रेकॉर्डिंग दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा.